विणकरांचे मोहल्ले आणि बातम्यांचे शिक्के

नागपूरच्या मोमिनपुऱ्याचे नाव वर्तमानपत्रात आले की त्याच्यामागे 'संवेदनशील' हे विशेषण हटकून लागते. सण असो की निवडणूक. ते प्रथम कोणी लावले, याचा तपास कोणी करीत नाही. आम्हीही केला नाही. वाचून वाचून सवय झाली.

वास्तविक हे नाव धंद्यावरून आलेले आहे. मोमीन म्हणजे विणकर. 1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील विणकरांची कितीतरी कुटुंबे दक्षिणेकडे सरकली. मालेगाव, भिवंडी, कामठी, नागपूर येथे त्यांनी माग मांडले. नागपुरात कोष्टी बांधव आधीपासून विणत होतेच. 1877 साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे गिरण्यांच्या कापडासमोर हातमाग मागे पडत गेला. मोहल्ल्याच्या गरिबीचे मूळ बरेचसे तिथे आहे. पण माग बंद पडला ही बातमी होत नाही.

आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. पाकिस्तानच्या मागणीला 1940 साली जाहीर विरोध करणारी मोमीन कॉन्फरन्स ही याच विणकरांची संघटना. तरी फाळणीचा जाब मात्र आजही सरसकट सगळ्यांनाच विचारला जातो. सगळे मुसलमान एकाच मुशीतले, हा समज दूरदर्शनच्या कितीतरी आधीचा आहे. आमच्या मराठी नाटक-सिनेमांतला मुसलमानही बहुधा अत्तर लावून मोडके मराठीच बोलत आला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथली भाषा बोलतो, हे लेखकांना ठाऊक नसेल असे नाही.

2020 साली कोरोना आला. नागपुरात सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा सील झाले; दोन्ही नावे विणकामाचीच. त्याच सुमारास तबलिगी जमातीवरून काही वाहिन्यांवर 'कोरोना जिहाद' हा शब्द रोज ऐकू येऊ लागला. नागपुरात आलेल्या म्यानमारच्या आठ नागरिकांवर गुन्हा दाखल झाला. चाचण्या निगेटिव्ह होत्या. धर्मप्रचाराचा आरोप होता, पण त्यांना इथली भाषाच येत नव्हती! ते आपल्या भाषेत कुराण-हदीस वाचत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 21 सप्टेंबर 2020 रोजी तो गुन्हा रद्द केला. त्याच्या बरोबर एक महिना आधी औरंगाबाद खंडपीठाने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अशाच प्रकरणात 29 परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द करताना प्रसारमाध्यमांतील अपप्रचाराचा स्पष्ट उल्लेख केला होता.

आरोपांवर ज्या वाहिन्यांनी आठवडेच्या आठवडे चर्चा झोडल्या, त्यांनी या निकालांवर तेवढा वेळ दिला नाही. ज्यांनी चर्चा ऐकल्या, त्यांतल्या अनेकांपर्यंत निकाल पोचलाच नाही. आमच्या मुलींना कॉलेजात अजून विचारतात, "तू मोमिनपुऱ्यात राहते? भीती नाही वाटत?" विचारणारीचे घर तिथून दोन किलोमीटरवर असते.