फिब-४ : उसन्या आकड्याची कुळकथा

तळेगाव ढमढेऱ्यातल्या कुणाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा आला, की खरा प्रश्न चरबीचा नसतो, व्रणाचा असतो. चरबी उतरू शकते. व्रणाचे धागे वाढत गेले तर गाठ सिरॉसिसशी पडते. ते धागे पाहण्यासाठी पूर्वी सुईने यकृताचा तुकडाच काढावा लागे, आणि गावोगावच्या एवढ्या माणसांना ते सोसणारे नाही. त्या जागी फिब-४ हा आकडा आला. वयाला रक्तातल्या एसजीओटी या एन्झाइमच्या आकड्याने गुणायचे आणि त्याला प्लेटलेट (हजारांत) व एसजीपीटी या दुसऱ्या एन्झाइमचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. साध्या लॅबच्या रिपोर्टवर हे गणित होते. पण हा आकडा फॅटी लिव्हरच्या घरात जन्मलेला नाही. एसजीओटी १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी पुढे आणली ती हार्ट अटॅक ओळखण्यासाठी. सूत्र २००६ मध्ये रिचर्ड स्टर्लिंग आणि सहकाऱ्यांनी बसवले, तेही एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी एकत्र असलेल्या ८३२ रुग्णांवरून. फॅटी लिव्हरसाठी १.३ (खाली असेल तर धोका कमी) आणि २.६७ (वर असेल तर धोका जास्त) या सीमा त्यानंतर ठरल्या.

मग परक्या आजाराचे माप इथे का मानावे? कारण व्रण कशानेही पडो, पुढची वाट बरीचशी एकच असते: यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढतो, प्लीहा फुगते, प्लेटलेट तिच्यात अडकतात. शिवाय सूत्रात वजन नाही, हा मला इथे गुणच वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे, की आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या अंगातही चरबी भरपूर असू शकते. तरीही आकडा सीमेच्या वर आला तर त्यावर माझा तेवढा विश्वास नाही. पंचेचाळिशीतल्या माणसाची एसजीओटी ४०, एसजीपीटी ४९ आणि प्लेटलेट अडीच लाख असतील तर उत्तर १.०३ येते, म्हणजे निर्धास्त. त्यालाच पावसाळ्यात डेंग्यू झाला, एसजीओटी १२०, एसजीपीटी १०० आणि प्लेटलेट ऐंशी हजार झाल्या, तर तेच उत्तर ६.७५, यकृतात नवा व्रण एकही नसताना. पस्तिशीच्या आत हे सूत्र लंगडे पडते, आणि पासष्टीनंतर खालची सीमा २ धरतात, कारण वय स्वतःच आकडा फुगवते.

म्हणून फिब-४ चे काम निवाडा देणे नव्हे, पुण्याच्या तज्ज्ञाकडची खेप कुणाला नको ते सांगणे. आकडा १.३ च्या (पासष्टीनंतर २ च्या) खाली असेल तर वजन, साखर आणि दारू सांभाळा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा. वर असेल तर, ताप असल्यास तो उतरून रक्त पूर्वपदावर आल्यावर, तपासणी पुन्हा करा, आणि तरीही वरच राहिला तर यकृताचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी करून घ्या.