डोंगरातल्या सायकलवाटा आणि त्यांचे राखणदार: सिएटल परिसरातील श्रमदानाची ओळख

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिएटलच्या पूर्वेस कॅस्केड पर्वताच्या पायथ्याशी, इसाक्वा आणि समामिश ही उपनगरे वसली आहेत. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील अनेक मराठी कुटुंबे याच पट्ट्यात राहतात. शनिवारी सकाळी येथील जंगलांत सायकलस्वारांची गर्दी उसळते. मात्र ज्या वाटांवरून या सायकली धावतात, त्यांतील बऱ्याचशा स्वयंसेवकांनी आखल्या, खोदल्या आणि आजवर जपल्या आहेत, याची कल्पना अनेकांना नसते.

चळवळीची पार्श्वभूमी

माउंटन बाइक हा क्रीडाप्रकार १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत आकाराला आला. पुढच्या दशकात त्याचा झपाट्याने प्रसार झाला आणि त्याबरोबर तक्रारीही वाढल्या. पायी फिरणारे आणि घोडेस्वार यांच्याशी खटके उडू लागले, तेव्हा अनेक उद्यानांनी सायकलींना वाटा बंद केल्या. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने संरक्षित अरण्यांत यांत्रिक वाहतुकीस मनाई केलेली आहे आणि सायकलीही त्या मनाईत मोडतात. सिएटलकरांना जवळचे असलेले आल्पाइन लेक्स अरण्य त्यामुळे सायकलस्वारांना आजही बंद आहे.

या कोंडीतून १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील काही क्लबांनी एकत्र येऊन ‘इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन’ स्थापन केली. पुढच्याच वर्षी सिएटलमध्ये ‘बॅककंट्री बायसिकल ट्रेल्स क्लब’ सुरू झाला. तोच आज ‘एव्हरग्रीन माउंटन बाइक अलायन्स’ या नावाने ओळखला जातो. वाटा वापरायच्या असतील तर त्यांच्या निगेचा भारही उचलला पाहिजे, ही या संघटनांची भूमिका होती. तिच्यामुळे जमीनमालक सरकारी खात्यांशी बोलणी करणे शक्य झाले.

सिएटल शहरात आय-५ महामार्गाच्या पुलाखाली पडून असलेल्या जागेत स्वयंसेवकांनी ‘कॉलोनेड’ हे सायकल उद्यान उभारले. त्यानंतर २०१० मध्ये किंग काउंटीच्या उद्यान विभागाच्या सहकार्याने सुमारे १२० एकरांचे ‘डथी हिल’ उद्यान खुले झाले. नवशिक्यांच्या सोप्या वाटांपासून उंच उड्यांच्या अवघड मार्गांपर्यंत सर्व प्रकार तेथे एकाच ठिकाणी आहेत. वाटेच्या आरंभी हिरवे वर्तुळ असेल तर ती सोपी, निळा चौकोन असेल तर मध्यम आणि काळा हिरा असेल तर अवघड समजावी. ही खूणपद्धती स्कीच्या मैदानांवरून घेतलेली आहे.

वाटेचा मुख्य शत्रू: पाणी

सिएटलचा वार्षिक पाऊस सुमारे ९५० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी आहे. परंतु तो ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत संथपणे झिरपत राहतो आणि माती महिनोन्‌महिने ओली राहते. अशा मातीत टायरने पडलेल्या चाकोरीतून पाणी वाहू लागते, चाकोरीचा ओहोळ होतो आणि काही हंगामांत वाट उखडून जाते. म्हणून वाट बांधण्याचे शास्त्र हे मुळात पाण्याला वाट करून देण्याचे शास्त्र आहे.

त्याचे काही नियम ठरून गेले आहेत. वाट उताराच्या दिशेने सरळ खाली न नेता डोंगराच्या कडेकडेने आडवी न्यावी. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, म्हणजे उतार १६ टक्के असेल तर वाटेचा चढ ८ टक्क्यांच्या आत हवा. हे प्रमाण ओलांडले की पाणी वाट आडवी ओलांडून न जाता वाटेवरूनच धावू लागते. संपूर्ण वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांपेक्षा कमी राखावा. वाटेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित, साधारण ५ टक्के, खाली ठेवावी. शिवाय ठरावीक अंतराने वाट थोडी खाली उतरवून पुन्हा वर चढवावी, म्हणजे साचलेले पाणी त्या खोलगट जागेतून बाहेर पडते. महाराष्ट्रात पाणलोटाच्या कामात डोंगरउतारावर सलग समतल चर खोदून पाणी अडवतात. येथे उताराचे गणित तसेच करावे लागते, परंतु पाणी अडवण्याऐवजी ते लवकरात लवकर वाटेबाहेर काढायचे असते.

खोदकाम करताना पालापाचोळा आणि कुजकी माती पूर्ण काढून टाकून खालच्या घट्ट मातीपर्यंत जावे लागते. वाटेची पूर्ण रुंदी डोंगरात कोरली जाते, कारण बाहेर भराव टाकून केलेली कड कालांतराने खचते.

हत्यारे आणि कामाची शिस्त

या कामाची दोन मुख्य हत्यारे वणवे विझवणाऱ्यांकडून आली आहेत. ‘मॅक्लाउड’ला एका बाजूस दाताळे आणि दुसऱ्या बाजूस रुंद पाते असते. ‘पुलास्की’त कुऱ्हाड आणि कुदळ एकत्र असतात. १९१० च्या भीषण वणव्यात आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणारे आयडाहोतील वनरक्षक एड पुलास्की यांचे नाव त्याला मिळाले आहे.

श्रमदानाच्या दिवशी अनुभवी म्होरक्या आरंभीच सुरक्षेचे नियम सांगतो. दोन माणसांत हत्याराच्या टप्प्यापेक्षा पुरेसे अंतर ठेवायचे, हत्यार खांद्यावर न घेता उताराकडच्या हातात धरून न्यायचे आणि कोणाच्या मागून जाताना आधी आवाज द्यायचा. जाड बूट, हातमोजे, लांब विजार, पाणी आणि डबा एवढी तयारी पुरते. पूर्वानुभवाची अट सहसा नसते, मात्र यांत्रिक करवत प्रशिक्षित व्यक्तीच चालवते. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याने केलेल्या श्रमदानाच्या तासांच्या हिशेबाने संस्थेला देणगी देतात. ती मिळवण्यासाठी तासांची नोंद करून ठेवणे आवश्यक असते.

परवानगी हाच पाया

वाट खोदली म्हणजे तिच्यावर हक्क प्रस्थापित झाला, असे होत नाही. टायगर माउंटनचे जंगल राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याकडे आहे. तेथे सायकलवाटा आहेत आणि लाकूडतोडही चालते. राज्याच्या अशा विश्वस्त जमिनींच्या उत्पन्नातून शाळांच्या इमारतींना पैसा मिळतो. तोड सुरू झाली की वर्षानुवर्षांच्या श्रमाने उभी राहिलेली वाटही बंद होऊ शकते आणि स्वयंसेवकांना ते मान्य करून पुन्हा कामाला लागावे लागते. अपघाताच्या दाव्यांची भीती मात्र कायद्याने बरीच कमी केली आहे. जमीन करमणुकीसाठी विनाशुल्क खुली ठेवणाऱ्या मालकास वॉशिंग्टन राज्याच्या १९६७ च्या कायद्याने मोठ्या प्रमाणात संरक्षण दिले आहे.

सर्वांत मोठा धोका चोरून खोदलेल्या वाटांचा आहे. उत्साही तरुण परवानगीविना उतार खोदतात. त्याने ओढ्यांत गाळ जातो, झाडांची मुळे उघडी पडतात आणि खात्याचा विश्वास उडतो. एका बेकायदा वाटेपायी नव्या दहा अधिकृत वाटांची बोलणी अडून बसू शकतात.

नवी वाट खुली होते त्या दिवशी छायाचित्रे निघतात, परंतु पुढची वीस वर्षे पडलेली झाडे हटवणे, तुंबलेले निचरे मोकळे करणे आणि वाढलेली झुडपे छाटणे हेच काम उरते. त्याला हात कमी मिळतात. सायकलस्वाराने निदान दोन गोष्टी कराव्यात: माती चिखलमय असताना मऊ वाटांवर जाऊ नये आणि डबके लागले तर कडेने वळसा घालून वाट रुंद करू नये. याउपर वर्षातले एक-दोन शनिवार दिले, तर ज्या वाटेवर आपली मुले सायकल शिकली ती पुढच्या मुलांसाठीही शिल्लक राहील.