इटलीच्या घरातलं बेसन



हल्ली नगरकडच्या लग्नांत 'जैन पास्ता'चा काउंटर हमखास दिसतो. कांदा-लसूण नाही म्हटल्यावर मुलं निर्धास्त खातात. मोठ्या बायका मात्र 'हे परदेशी खाणं आपलं कसं होईल?' म्हणत पुढे जातात. मला वाटतं, देशाच्या नावावरून हा प्रश्न सुटायचा नाही. त्यासाठी इटलीतल्या हॉटेलात नाही, तिथल्या घरच्या चुलीपाशी जावं लागेल.

जुन्या इटलीत गरीब शेतकऱ्याला रोज मांस परवडत नसे. शिवाय ईस्टरच्या आधी लेंटचे चाळीस दिवस मांस वर्ज्य असे आणि मध्ययुगात त्या दिवसांत अंडी, दूध, लोणीही बंद असे. मासे त्यांना चालत, म्हणून ते व्रत आपल्यासारखं नव्हतं. पण घरातल्या बाईपुढचा प्रश्न आपल्याच ओळखीचा होता : आज करायचं काय? आणि तिचं एक उत्तरही आपल्या ओळखीचं होतं : हरभरा.

जेनोआत बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल एकत्र करून मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजतात. त्याला फारिनाता म्हणतात, आपलं जाडसर धिरडंच ते. सिसिलीत पालेर्मोला बेसन पाण्यात घोटून शिजवतात, थापतात, गार झालं की कापून तळतात. ते पानेल्ले. आपली पाटवडी तरी याहून वेगळी काय असते? आणि गट्ट्यांचं बेसनही याच घरातलं. दोन्हीत दही नाही, त्यामुळे द्विदळ पाळणाऱ्या घरांनाही अडचण नाही. यात कोणी कोणाची नक्कल केलेली नाही. हरभरा मूळचा तुर्कस्तानाच्या बाजूचा. हजारो वर्षांपूर्वी तो तिकडे इटलीकडे गेला आणि इकडे आपल्याकडे आला.

उलट ज्या लाल टोमॅटोला आपण इटलीची ओळख समजतो, तो तिथे पाहुणाच. मूळचा अमेरिकेचा. 1548 मध्ये पिसाला कोझिमो मेडिचीच्या वाड्यात टोमॅटोची टोपली आल्याची नोंद आहे. स्वयंपाकाच्या छापील पुस्तकात तो आला 1690 च्या दशकात, नेपल्समध्ये. पास्त्यावर तो रुळायला आणखी शंभरेक वर्षं गेली. आज आपल्या संगमनेर-अकोल्यातही टोमॅटोची शेतं आहेत. म्हणजे 'परदेशी' हा शब्द फार लांब टिकत नाही.

मग आपलं काय, ते ठरवायचं कशावरून? गंमत म्हणजे याचं उत्तर इटलीच्या माणसांनीच फार पूर्वी लिहून ठेवलंय. 1516 च्या सुमारास आंद्रेआ कोर्साली या प्रवाशाने कोचीनहून ज्युलिआनो मेडिचीला पत्र धाडलं. गुजराती लोक रक्त असलेलं काही खात नाहीत, कोणत्याही जिवाला इजा होऊ देत नाहीत, आपल्या लिओनार्दो दा विंचीसारखे, असं त्याने त्यात सांगितलं. त्या लोकांत जैनही असतील, वैष्णवही. पुढे 1623 मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले खंभातला आला आणि तिथलं पक्ष्यांचं रुग्णालय पाहून त्याने त्याचं सविस्तर वर्णन केलं. दोघांच्याही मनात भरली ती आपली जीवदया. आपले पदार्थ कोणते, हा मुद्दा त्यांना महत्त्वाचा वाटला नाही.

तोच नियम घेऊन इटलीच्या ताटाकडे पाहूया. बोलोन्याकडचा ताजा पास्ता अंड्यात मळतात, तो आपला नाही. सुका पास्ता मात्र कठीण गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावरच होतो, आणि इटलीच्या 1967 च्या कायद्यातही तसंच लिहिलं होतं. खरी मेख चीजमध्ये आहे. अस्सल पार्मेजान चीजचं दूध वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने फाडतात. तिथल्या नियमानुसार दुसरं काही चालतच नाही. म्हणजे कांदा-लसूण काढला, वर पार्मेजान किसलं, आणि पाटी 'जैन'!

यावर तोडगाही इटलीच्याच गरीब घरांत आहे. दक्षिणेकडे ज्यांना चीज परवडत नसे, त्या बायका शिळा पाव चुरून तेलात खमंग परतायच्या आणि पास्त्यावर भुरभुरवायच्या. आपण शिळा पाव कशाला घ्यायचा? खाखरा चुरून थोड्या तेलात परता, मिरपूड आणि ओवा घाला. चीजची आठवणही येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी केटररला 'कांदा-लसूण नाही ना?' एवढंच विचारून थांबू नका. पास्त्यात अंडं आहे का आणि चीज कुठलं, हेही विचारा. चीजचं पाकीट मागून घ्या आणि रेनेट कुठलं लिहिलंय ते वाचा. मुलींनाही वाचायला शिकवा. उद्या त्या पुण्याला, परदेशात जातील. तिथे प्रत्येक ताटाशी आपण नसू, पण हा प्रश्न त्यांच्यासोबत असेल.