तुलनेची भाषा : र. धों. कर्वे आणि वयात आलेला वाचक

मराठी गद्याच्या इतिहासात रघुनाथ धोंडो कर्वे यांची नोंद समाजसुधारक म्हणून होते. गद्यकार म्हणून ती क्वचितच होते. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडे वळावे, असे आम्हांला वाटते ते एका वेगळ्याच कारणाने. गर्भनिरोधनाची साधने शेजारीशेजारी ठेवून, नीतिपाठ न देता त्यांचे गुणदोष सांगू शकेल अशी मराठी घडवण्यात कर्व्यांचा वाटा मोठा आहे. ही भाषा पुढे कोणाच्या वाट्याला आली आणि कोणाच्या वाट्याला आली नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कर्व्यांचा जन्म १८८२ सालचा, दापोलीजवळच्या मुरूडचा. आमचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर मालवण आणि दापोली हे एकाच रत्नागिरी जिल्ह्याचे तालुके होते. रघुनाथरावांची आई राधाबाई १८९१ साली बाळंतपणात वारल्या, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. त्याच वर्षी संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवणारा सारडा कायदा १९२९ चा. म्हणजे कर्वे लिहू लागले तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची आई हा अपवाद नव्हता, रीत होती. ‘किशोरवयीनांसाठी गर्भनिरोधन’ असा वेगळा प्रश्न तेव्हा कोणी मांडला नाही. संततिनियमनाची चर्चा ज्यांच्यासाठी चालली होती, त्यांत अशा मुली होत्याच.

कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षीचे. या विचारांपायी त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ निघू लागले आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी ते चालवले.

त्या काळी हाताशी काय होते, ते पाहू. जाड रबराचे निरोध, स्त्रीने बसवायची रबरी टोपी, क्विनीनच्या गोळ्या, धावन, पुरुषाने ऐन वेळी दूर होणे, आणि ‘सुरक्षित काळ’. या शेवटच्या उपायाची कथा बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकातले अनेक डॉक्टर दोन पाळ्यांच्या मधले दिवस सुरक्षित समजत. प्रत्यक्षात गर्भधारणेचा संभव त्याच दिवसांत सर्वांत जास्त असतो. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांच्या संशोधनाने ही चूक दुरुस्त झाली, ती १९२० नंतरच्या दशकात. साधनांची तुलना करणे म्हणजे केवळ यादी देणे नव्हे. कोणता समज खोटा ठरला हेही सांगावे लागते. शिवाय साधन कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न उरतोच. रबरी टोपी स्त्रीच्या हाती असते, ऐन वेळचा संयम पुरुषाच्या मर्जीवर असतो. स्त्रीला गर्भधारणेपासून मोकळीक हवी आणि सुखाचा हक्कही हवा, हे कर्व्यांनी उघडपणे लिहिले. म्हणून त्यांच्या लेखी हा प्रश्न गौण नव्हता.

त्यांच्या मासिकात वाचकांच्या पत्रांना उत्तरे असत आणि १९३४ चा अश्लीलतेचा खटला मुख्यतः या उत्तरांवरूनच झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. खटला हरला, दंड झाला. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांनी तयार केलेला संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. तोही नामंजूर झाला. लोकांना प्रश्न पडतात आणि त्यांना सरळ उत्तर मिळाले पाहिजे, एवढीच या मासिकाची भूमिका होती. न्यायालयाला तीच मानवली नाही. याच सुमारास मराठी कादंबरीचे लोकप्रिय लेखक ना. सी. फडके यांनीही याच विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले (१९२७). पण त्याचा कल सुप्रजननाकडे होता. तिथे व्यक्तीपेक्षा वंश मोठा ठरतो, आणि हे वळण पुढच्या काळाची नांदी म्हणावे असे आहे.

सरकारी कुटुंबनियोजन १९५२ साली सुरू झाले. १९६५ साली लूप आला, १९६८ साली ‘निरोध’. मराठीने या साधनांना आपलेसे केले : कॉपर-टी ‘तांबी’ झाली, दोन मुलांमधले अंतर म्हणजे ‘पाळणा लांबवणे’ झाले. शब्द गोड आहेत, पण पाळणा हलतो तो लग्न झालेल्या घरात. जाहिरातीतला वाचक नेहमी ‘जोडपे’ असे. पुढे आणीबाणीत ‘ऑपरेशन’ या शब्दाला जी भीती चिकटली, ती अजून पुरती गेलेली नाही.

साधनाची निवड माणसाच्या जगण्यावर कशी अवलंबून असते, हे मालवणच्या किनाऱ्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. नवरा गिरणगावात चाकरमानी, घरी येणार तो गणपतीला, शिमग्याला नाहीतर मे महिन्यात. अशा बाईला वर्षभर रोज गोळी घे म्हणून सांगण्यात काय हशील? आणि आज सतरा वर्षांची मुलगी, जिला पाकीट ठेवायला घरात जागा नाही आणि गावातला औषधवाला जिच्या वडिलांना ओळखतो, तिचा प्रश्न तरी याहून कितीसा वेगळा आहे?

मुलींच्या लग्नाचे वय १९७८ साली अठरा झाले. हे योग्यच झाले. पण त्याबरोबर किशोरवयीन वाचक ‘जोडप्या’तून बाहेर पडला आणि त्याच्यासाठी दुसरी जागा निर्माण झाली नाही. लैंगिक शिक्षणाला महाराष्ट्राने २००७ साली शाळेत मज्जाव केला. २०१२ च्या पोक्सो कायद्याने संमतीचे वय सोळावरून अठरा केले आणि अशा संबंधांची माहिती पोलिसांना देणे डॉक्टरवरही बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव गुप्त ठेवण्याची मुभा दिली, तेवढाच दिलासा. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ केंद्रे आहेत. त्यांची वाट मुलांना कोण दाखवणार?

कर्व्यांच्या पद्धतीने आज तुलना करायची तर ती अशी होईल. सर्वसाधारण वापरात वर्षभरात शंभर स्त्रियांमागे गर्भधारणा होतात त्या निरोधने सुमारे १३, रोजच्या गोळीने ७, तीन महिन्यांच्या ‘अंतरा’ इंजेक्शनने ४, तांबीने एकाहूनही कमी, आणि ऐन वेळी दूर होण्याने २०. पण लैंगिक संसर्गापासून वाचवतो तो फक्त निरोध. तांबी एकदा बसवली की वर्षानुवर्षे चालते, मात्र ती बसवायला प्रशिक्षित हात लागतात. ‘अंतरा’ घरात दिसत नाही. पण हाडांच्या घनतेवर परिणाम होत असल्याने अठराच्या आत ते विचारपूर्वक द्यावे लागते. ‘छाया’ गोळीत संप्रेरके नाहीत. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. नेहमीचा उपाय म्हणून ती नव्हे. केवळ वय कमी आहे म्हणून कोणतेही साधन नाकारण्याला वैद्यकीय आधार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचेही मत आहे. आणि ‘नको’ म्हणण्याचा हक्क या सर्वांच्या आधी येतो.

वरचा परिच्छेद लिहायला कोणताही नवा शब्द लागला नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. शब्द मराठीत आहेत. ते सतरा वर्षांच्या वाचकाला उद्देशून वापरण्याची तयारी आमच्यापाशी, म्हणजे मराठी शिकवणाऱ्यांपाशी नाही. निबंध, पत्रलेखन, माहितीपर गद्य हे सारे आम्ही शिकवतो. ‘समाजस्वास्थ्य’मधली प्रश्नोत्तरे मात्र आमच्या अभ्यासक्रमांत शोधून सापडणार नाहीत. ज्या उत्तरांसाठी कर्व्यांना दंड झाला, ती माहितीपर गद्याचा नमुना म्हणून वर्गात वाचली जावीत, एवढी आमची सूचना आहे. तेवढे झाले तरी विद्यार्थ्यांना कळेल की असा प्रश्न आपल्या भाषेत विचारता येतो, आणि त्याचे उत्तरही मिळते.