वेस राहिली, पाणी गेले

शहराचा विस्तार करावा की जुन्या इमारती राखाव्या, हा प्रश्न अलीकडे दोन वैऱ्यांच्या झुंजीप्रमाणे मांडण्यात येतो. नगरचा (2024 पासून सरकार दरबारी अहिल्यानगरचा) इतिहास जो पाहील, त्यास ही मांडणी पटणे कठीण आहे.

मलिक अहमद निजामशहाने 1490 मध्ये भिंगारजवळ बहामनी फौजेचा मोड केला व तेथेच सीनेकाठी शहर वसविले. आरंभी त्यास कोट नव्हता. दगडी किल्ला व शहराचा कोट ही त्याचा नातू हुसेन निजामशहा याच्या वेळची, 1562 च्या सुमाराची कामे होत. म्हणजे ज्या वेशींस आपण शहराचे आद्य मुख मानतो त्या शहराहून सत्तर वर्षांनी धाकट्या. फराहबागेची कथा तर याहून बोलकी आहे. आधी बांधलेली इमारत मुर्तजा निजामशहास पसंत न पडल्यामुळे पाडण्यात आली व नवी इमारत 1583 मध्ये सलाबतखानाच्या देखरेखीखाली पुरी झाली, असे सांगतात. पाडापाडीचा सारा दोष आजच्या नगररचनाकारांच्या माथी मारता येणार नाही.

इंग्रजांनी 1803 मध्ये किल्ला घेतल्यानंतर येथील कित्येक वास्तू राखल्या, पण त्या बहुधा उपयोगासाठी. चंगीझखानाच्या महालात न्यायाधीशाची कचेरी आली. लोक जिला चांदबिबीचा महाल म्हणतात त्या सलाबतखानाच्या कबरीत गोऱ्या शिपायांचे आरोग्यधाम झाले. कबरीत हवापालट करण्याची ही रसिकता त्यांनाच साधावी! तथापि ज्या वास्तूस काम मिळाले ती तगली, हे कबूल केले पाहिजे. कोटास काम उरले नाही, तो गेला. माळीवाडा वेस व दिल्ली दरवाजा मात्र रहदारीच्या गर्दीत उभे आहेत.

पडक्या वाड्यात जीव मुठीत धरून राहणाऱ्या कुटुंबास वारशावर व्याख्यान देणे आम्हास क्रूरपणाचे वाटते. त्यास नवे घर मिळालेच पाहिजे. परंतु वेशीचे तसे नाही. कोट होता तेव्हा सर्वांस वेशीतूनच जावे लागे. कोट गेल्यावर ती सक्ती उरली नाही. मग रस्त्याने तिला वळसा का घालू नये?

संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामास मनाई व पुढील दोनशे मीटरांत निर्बंध, अशी तरतूद 1958 च्या कायद्यात 2010 मध्ये घालण्यात आली. उभ्या दगडास ती पुरेल. पण निजामशाही नगरचे खरे वैभव जमिनीखाली होते. कापूरवाडी, शेंडी अशा गावांकडून खापरी नळांनी आणलेले पाणी शहरातील हौद भरी व बागा पोशी. मैलोगणती पसरलेल्या या नळांस शंभर मीटरांचे वर्तुळ कसे आखावे? वेस पाडू म्हणताच चार लोक तरी ओरडतील. नळ फुटला तर मुकादमाशिवाय कोणास कळावयाचेही नाही. नवी गटारे, नवे रस्ते, नव्या इमारतींचे पाये, या सर्वांचे खोदकाम नेमके त्याच थरातून होते. यास्तव आधी या नळांची मोजणी व्हावी, त्यांचा नकाशा नगररचनेच्या आराखड्यास जोडला जावा, आणि पहिली कुदळ पडण्यापूर्वी त्याची एक प्रत त्या मुकादमाच्या हाती असावी.