मार्गारिटा मिक्स: चव, घटक आणि निवड

मार्गारिटा मिक्स म्हणजे मार्गारिटा या मेक्सिकन पेयासाठी बाटलीत मिळणारे आंबट-गोड मिश्रण. त्यात सहसा मद्य नसते. पाणी, साखर, लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल, संत्र्याचा स्वाद आणि मीठ हे त्याचे मुख्य घटक होत. मूळ पेयाचे प्रचलित प्रमाण टकिला ५० मिलि, संत्र्याचे लिकर २० मिलि आणि ताज्या लिंबाचा रस १५ मिलि असे आहे. पेल्याच्या कडेला मीठ लावले जाते. टकिला मेक्सिकोतील निळ्या घायपातापासून काढतात.

तयार मिश्रणाचा प्रसार

या पेयाच्या जनकत्वावर अनेकांनी दावा सांगितला आहे. तयार मिश्रणाच्या प्रसाराला मात्र एक निश्चित टप्पा आहे. ११ मे १९७१ रोजी अमेरिकेतील डॅलस येथे मारियानो मार्टिनेझ या उपाहारगृहचालकाने आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून गोठवलेली मार्गारिटा विकण्यास आरंभ केला. प्रत्येक पेल्याची चव एकसारखी राहावी, हा त्यामागील हेतू होता. ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. एकसारखेपणा साधला, परंतु पुढे बाजारात आलेल्या अनेक बाटल्यांतून ताज्या लिंबाचा सुगंध हरपला आणि साखर वाढली.

वेष्टन कसे वाचावे

भारतीय नियमांनुसार घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापली जातात. लिंबाचा रस यादीत वरच्या स्थानी असेल, तर ते मिश्रण प्रथमदर्शनी चांगले. रसाचा उल्लेखच नसून केवळ ३३० क्रमांकाचे आम्ल, कृत्रिम स्वाद आणि १०२ वा १३३ क्रमांकाचा रंग असेल, तर ते लिंबाच्या नावाचे साखरपाणीच होय. साखरेचा आकडाही पाहावा. १०० मिलिमध्ये ३० ग्रॅम साखर असलेले मिश्रण एका पेल्यात ६० मिलि घातले, की १८ ग्रॅम साखर पोटात जाते. प्रौढाने दिवसाकाठी मुक्त साखर सुमारे २५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवल्यास अधिक लाभ होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सारख्या दिसणाऱ्या काही बाटल्यांत मद्य आधीच मिसळलेले असते. त्यामुळे मद्यांश आणि वैधानिक इशारा तपासणे अगत्याचे आहे. मद्यासाठी किमान वय गोव्यात १८, तर मध्य प्रदेशात २१ वर्षे आहे.

मुरारचा उन्हाळा, मराठी जीभ

ग्वाल्हेरलगतची मुरार ही जुनी लष्करी छावणी. इंग्रजांनी ती १८८६ मध्ये किल्ल्यासह शिंद्यांच्या स्वाधीन केली. येथील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा हवेत दुकानाच्या दर्शनी फळीवर, उन्हात राहिलेल्या बाटलीतील रस काळवंडतो व त्याला शिळा वास येतो. म्हणून अलीकडच्या उत्पादन-तारखेची, सावलीत ठेवलेली बाटलीच घ्यावी आणि उघडल्यावर ती शीतपेटीत ठेवावी. गोव्याच्या दमट उकाड्यातही हीच दक्षता हवी.

पारखण्यासाठी मराठी घराला परकी कसोटी लागत नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे पन्हे ज्यांनी चाखले आहे, त्यांना आंबट, गोड आणि खारट यांचा मेळ ठाऊक असतो. एक भाग मिश्रण तीन भाग थंड पाण्यात घालून चाखावे. कोमट पेय अधिक गोड लागते, त्यामुळे तशी परीक्षा फसवी ठरते. आधी आंबटपणा, मागून गोडी आणि शेवटी सालीचा किंचित कडवटपणा जाणवला, तर मिश्रण उत्तम. ओठ चिकट झाले किंवा गोळीसारखा वास रेंगाळला, तर ते टाळावे.

घरगुती पर्याय

आपल्या बाजारातील कागदी लिंबू हेच मेक्सिकोतील मार्गारिटाचे लिंबू. दोन्हींची जात एक. त्यामुळे महागड्या आयात बाटलीवाचून अडत नाही. ताज्या लिंबाचा रस ३० मिलि, समप्रमाण साखर-पाण्याचा पाक २० मिलि, संत्र्याचा रस १५ मिलि, संत्र्याच्या सालीचा किंचित कीस आणि चिमूटभर मीठ एकत्र केले, की एका पेल्याचे मिश्रण सिद्ध होते. त्यात १२० मिलि गार पाणी किंवा सोडा घातल्यास मद्याविनाही उत्तम सरबत होते. हे मिश्रण त्याच दिवशी संपवावे. लिंबाचा ताजा सुगंध फार काळ टिकत नाही.