कृष्णधवल फिल्मचे वेष्टन : एक फेकून दिलेला पुरावा

जुने पुस्तक हाती आले की आधी मुखपृष्ठ पाहावे, मग आवृत्ती, प्रकाशक, मुद्रणस्थळ. संहितेकडे त्यानंतर वळावे, असे आपण एम.ए.च्या वर्गात सांगतो. जेरार जनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ साली संहितेभोवतीच्या या मजकुरावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. छायाचित्राच्या बाबतीत मात्र ही शिस्त आपण पाळत नाही. पाळावी म्हटले तरी अडचण अशी की, छायाचित्राचे ‘मुखपृष्ठ’ रोल कॅमेऱ्यात भरतानाच केरात गेलेले असते. फिल्मच्या वेष्टनाचा इतिहास हा त्यामुळे फेकलेल्या वस्तूंचा इतिहास ठरतो. त्याची गरज आम्हांला जिवतीत जाणवली.

माणिकगडाच्या डोंगरावरील जिवतीत गोंड-कोलामांच्या जोडीने मराठवाड्यातून आलेली असंख्य कुटुंबे आहेत. १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे ती इकडे आली. अशाच एका घरात आमच्या विद्यार्थ्यांना सहा सेंटीमीटरची एक चौकोनी प्रत मिळाली. पाच माणसे, मागे काट्यांचे कुंपण, बाकी सारे आकाश. निगेटिव्ह हरवलेली; पाठीमागे काही लिहिलेले नाही. घरातील दोन भावांत मतभेद होता. थोरल्याच्या मते हे चित्र गाव सोडण्याआधीचे, म्हणजे मागे राहिलेल्या घराचे शेवटचे. धाकट्याच्या मते डोंगरावर आल्यानंतरचे, म्हणजे नव्या घराचे पहिले. ज्या आईला विचारता आले असते ती आता नाही. हा वाद जमिनीच्या कागदपत्रांचा नव्हता. आपण काय सोडून आलो, की काय उभे केले, यांपैकी कशाची आठवण भिंतीवर लावायची, एवढाच तो होता. पण तेवढाही लहान नव्हता.

अशा वेळी रोलची पेटी असती तर? १८८८च्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर चित्रांची फिल्म भरूनच येई आणि चित्रे संपली की कॅमेराच कारखान्याकडे परत जाई. वेगळे वेष्टन ग्राहकाच्या हाती पडतच नव्हते. फिल्मच्या पाठीशी काळा कागद आला तेव्हा हे बदलले. बोस्टनच्या सॅम्युएल टर्नरने १८९२च्या सुमारास त्या कागदावर आकडे छापले आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर लाल काचेची खिडकी ठेवली. रोल उजेडात भरता येऊ लागला, कितवे चित्र चालू आहे ते कळू लागले. १९०१ साली ब्राउनी कॅमेऱ्यासाठी निघालेला १२० क्रमांकाचा रोल आजही याच पद्धतीने कागदात गुंडाळलेला मिळतो. त्या कागदावर आकड्यांच्या तीन ओळी असतात : आठ, बारा आणि सोळा चित्रांसाठी. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेला आग्फा क्लिक-३ यांतली बारांची ओळ वाचत असे.

पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचा प्रवास वेगळा. १९२५च्या लायकासाठी फिल्म अंधारात आपल्या हाताने भरावी लागे. १९३४ साली कोडॅकने भरलेली, वापरून टाकून देण्याची नळकांडी आणली. ती फिरकीच्या झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या डबीत येई. पुढे डबी प्लास्टिकची झाली. पेटीवर ‘अमुक महिन्यापूर्वी धुवून घ्या’ अशी मुदत, उत्पादनाचा तुकडी-क्रमांक, फिल्मचा वेग आणि उन्हा-ढगांत छिद्र किती ठेवावे याची सूचना असे. छायाचित्रकार पेटीचा एक पाखा फाडून कॅमेऱ्याच्या पाठीवरील खोबणीत खोचत. आत कोणती फिल्म आहे हे विसरू नये म्हणून. १९८३पासून नळकांड्यावर काळ्या-चंदेरी चौकटींची डीएक्स खूण आली आणि फिल्मचा वेग कॅमेराच वाचू लागला. वेष्टनाचा वाचक बदलला. पाखा जपण्याचे कारण संपले.

भारतात उटीच्या थंड हवेत हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला आणि १९६७पासून उत्पादन करू लागला. त्याच्या मालाचे नाव ‘इंदू’. रुपेरी क्षारांवर चित्र उमटवणाऱ्या फिल्मला चंद्राचे नाव देणाऱ्याला भाषेची जाण होती, असे म्हणावे लागेल. तो कारखाना आता बंद झाला आहे.

जिवतीच्या त्या घरात एक ॲल्युमिनियमची डबी होती. तिच्यात चुना ठेवलेला. विद्यार्थ्यांना वाटले, पुरावा सापडला. पण ती डबी पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मची, आणि चौकोनी प्रत थेट १२०च्या रोलवरून छापलेली. दोहोंचा संबंध नाही. घरात एकत्र सापडलेल्या वस्तू एकाच काळाच्या असतात असे नव्हे, हा धडा विद्यार्थ्यांइतकाच आम्हांलाही मिळाला.

मग एका मुलीने आकाशातील फिकट डाग दाखवला. भिंगातून तो ‘७’ निघाला. दमट हवेत रोल फार काळ पडून राहिला की कागदावरील शाई फिल्मवर उमटते. हा दोष जुनाच आहे असे नाही. २०१६च्या सुमारास कोडॅकच्या काही १२० रोलांत तो आढळला आणि कंपनीला कागद बदलावा लागला. हे सातवे चित्र, असे धाकटा भाऊ लगेच म्हणाला. तेही तसे नव्हे. गुंडाळीत कागदाची छापील बाजू शेजारच्या वेढ्यातील फिल्मला टेकते; म्हणून सातचा आकडा दुसऱ्याच चित्रावर पडतो.

आकड्याने एवढेच सांगितले : रोल बरेच दिवस ओलाव्यात पडून होता. घेतल्यानंतर चित्रे संपायला वेळ लागला असेल, किंवा संपलेला रोल धुवायला न्यायला जमले नसेल. थोरला म्हणाला, गाव सोडताना चित्र काढले असेल आणि रोल गाठोड्यातून इकडे आला असेल. धाकटा म्हणाला, इथल्या पावसाळ्यातच तो भिजला असेल. आम्ही दोघांनाही खोडू शकलो नाही. मात्र दोन्ही तर्कांत एक गोष्ट समान होती : ज्या घरात धान्याची चणचण होती, त्या घराने एक रोल जपून ठेवला होता.

पेटी असती तर मुदतीवरून दोन-चार वर्षांच्या अंतराने काळ ठरला असता. ती नाही. म्हणून आता आमचे विद्यार्थी गावात जातात तेव्हा आधी फोटो मागत नाहीत. जुने पाकीट, कागद, रिकामी डबी आहे का, असे विचारतात. लोक हसतात, आणि मग फळीवर शोधू लागतात.